शेपूट आत वळवलेली तार

९ जानेवारी

दादा,

अक्षर बघून हसू नकोस. कोंबडीचे पाय उमटलेत हे मलाही दिसतंय. हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी फर्मान काढलंय, रोज एक पान हाताने लिहायचं, नाहीतर बोटं आहेत तशी वाकडीच राहतील. आता रोज एक पान कुणाला लिहू? म्हटलं, ज्याने जीव वाचवला त्याचाच जीव खावा. आणि फोन करून 'पत्र पोचलं गं' म्हणालास तर चालणार नाही. पत्राला पत्रच हवं, तरच माझ्या हाताला हुरूप येईल.

तुला तिकडे जाऊन सात महिने झाले. लॉन्ड्रीतला फिटर तू, मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात मुकादम झालास, आई सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय. सख्खा भाचा आणि लाडका, त्यामुळे तिच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? मला मात्र त्या माणसाची चाकरी तू अजून करतोस याचा राग येतो. पोटासाठी करतोस म्हणून गप्प बसते.

माझी चौकशी ऑगस्टमध्ये आहे. मालकाचं म्हणणं तेच. चादरींची प्रेस लवकर तापावी म्हणून मीच बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्वमध्ये माझा रुमाल कोंबला, वाफेला वाट राहिली नाही आणि फुटलं. पुरावा काय, तर निळ्या काठाचा रुमाल तिथे सापडला. रुमाल माझाच आहे रे. पण तो जेवणाच्या खोलीत माझ्या डब्याला गुंडाळलेला होता! अकरा वर्षं त्या लॉन्ड्रीत दवाखान्यांच्या चादरी दाबल्या मी. व्हॉल्वशी खेळायचं नसतं हे मला कळत नाही?

मोठ्या दवाखान्यात वणांवर लेझर करतात, नाव घाला म्हणाले. मी नाही म्हटलं. कोपरापासून बोटांपर्यंत हा लाल, जाड, ताणलेला हात आहे तसाच ठेवणार. चौकशीच्या दिवशी बाही वर करून मालकाच्या नाकासमोर धरणार, त्याच्या घशाखाली घास उतरता कामा नये. त्याला रडवल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

तुझी,
लवंगी


२१ जानेवारी

लवंगे,

लहानपणी तुला हे नाव ठेवलं ते उगाच नाही. केवढीशी होतीस आणि केवढा तिखटपणा! पत्र वाचताना नाकात झणझणलं.

पण माझं ऐक. हात मालकाला दाखवायला नसतो, जेवायला असतो. तू लेझर करून घे. मी इथल्या एका कंपाउंडरला विचारलं, तो म्हणतो पाटीवरचं पुसावं तसं सगळं पुसून टाकतात. मागे काही राहत नाही. सूडबीड डोक्यातून काढ. तो मालक मोठा माणूस, त्याच्याशी टक्कर घेऊन आपलंच डोकं फुटेल.

रुमालाचं म्हणशील तर मी काय सांगू? मी बॉयलरच्या मागच्या बाजूला होतो. आवाज झाला, धावलो, तुला उचललं आणि नळाखाली धरलं. बाकी काही पाहिलं नाही. ते आठवलं की अजून जेवण जात नाही.

आत्याला सांग, तब्येत सांभाळ. इथे खोलीला खिडकी आहे पण समोर भिंत आहे.

तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

गेले एकदाची लेझरला. तू सांगितलंस म्हणून नाही हं, स्वतःची वेणी घालता येईना म्हणून. आई घालून देते, आणि तिने घातलेली वेणी म्हणजे मी पाटी-दप्तर घेऊन शाळेला निघालेय असं वाटतं. बेचाळीस वर्षांच्या बाईला शोभतं का ते?

तर ऐक. आधी हाताला बधिर करायचं मलम फासतात, वर प्लॅस्टिक गुंडाळतात आणि तासभर बसवून ठेवतात. मग डोळ्यांवर धातूचा चष्मा, म्हणजे गुडूप अंधार. एक मुलगी पाइपातून थंडगार हवा सोडते आणि डॉक्टरीणबाई यंत्र टेकवतात. टक, टक, टक. जळक्या केसांसारखा वास येतो. तो वास आला आणि मला दरदरून घाम फुटला, त्यांना थांबावं लागलं. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, घाई नाही. पुन्हा सुरू केलं. आता हात बघशील तर शिवणयंत्राने बिनदोऱ्याची शिवण मारत सुटल्यासारखा दिसतो, ठिपकेच ठिपके. त्या बारीक भोकांतून औषध आत मुरवतात.

तुझा कंपाउंडर थापाड्या आहे. बाईंनी मला तोंडावर सांगितलं, 'वण जाणार नाही. जातो म्हणणारा खोटं बोलतो. मऊ होईल, बसेल, खाज कमी होईल आणि बोटं उघडतील.' मी म्हटलं, मग मालकाला काय दाखवू? तर म्हणाल्या, दर वेळी यंत्र लावायच्या आधी फोटो काढतो, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारीख घालून. लागतील तेव्हा घेऊन जा. बरी आहे बाई!

हातावर घट्ट बाही दिवसरात्र घालावी लागते. आई ती रोज धुऊन मागच्या दारी वाळत घालते, तू तार वळून वाळणीला बांधलेल्या आकड्याला. पंधरा वर्षं झाली, आकडा जागचा हललेला नाही. तुझा तो डाव्या हाताचा उलटा पीळ आणि टोक आत वळवायची खोड! 'शेपूट आत, म्हणजे कुणाला टोचायचं नाही.' आई अजून तुझी नक्कल करते.

तुझी,
ठिपकेदार लवंगी


२८ फेब्रुवारी

लवंगे,

केलंस ते छान केलंस. पण ते फोटो कशाला काढतात? आणि कुणाकडे राहतात? बाईमाणसाच्या अंगाचे फोटो असे कुणाच्याही हाती पडू नयेत. मागून घे आणि फाडून टाक, मोठा भाऊ म्हणून सांगतो.

कामाचा रगाडा आहे, जास्त लिहीत नाही.

दादा


२० एप्रिल

दादा,

अरे लाजाळूच्या झाडा, फोटो हाताचा आहे, त्यात चेहरासुद्धा येत नाही! फाडायचं काय त्यात?

दुसरी वेळ झाली. आणि अंगठा करंगळीला टेकला! तुला काय कळणार त्यातलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून अर्धा तास नुसती टेकवत होते. काल स्वतःची वेणी घातली, वाकडी आली, पण माझी मी घातली.

एक गंमत झालीय. म्हणजे गंमत नाही, कोडं. आधी सगळा हात एकच लाल ढेकूळ होता. आता ते ढेकूळ बसलं, तर मनगटाच्या वर चार बोटांवर तळातून एक खोलगट खूण दिसायला लागलीय. वळ्यावळ्यांची, तीन वेढे आणि शेवटी बारीकसं टोक. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. म्हणाल्या, वाफ अशी रेघ ओढत नाही, इथे काहीतरी तापलेला धातू चिकटून बसला होता. मला तर काहीच आठवत नाही. पाणी पडायच्या आधी तू माझ्या मनगटाशी काहीतरी सोडवत होतास, तेवढंच अंधुक आठवतं. सगळ्यांच्या आधी तूच पोचलास. तुला काही दिसलं का रे?

तुझी,
लवंगी


२७ एप्रिल

लवंगे,

त्यात कोडं कसलं? तुझ्या बांगड्या होत्या त्या. तापून हातात रुतल्या होत्या. हात सुजला तर कापाव्या लागतील म्हणून मी आधी त्या काढल्या आणि मग हात नळाखाली धरला. डॉक्टरांना काय, काहीतरी बोलायचं. त्यांना सांग, तेवढ्या जागेवर जास्त वेळ यंत्र धरा आणि ती रेघ सपाट करून टाका. उगाच वाईट आठवण कशाला जपायची?

आत्याला हे सांगू नकोस, तिला त्रास होईल.

दादा


२ जून

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तू म्हणतोस तेच खरं, बांगड्याच असणार. माझंच डोकं फिरलं होतं. पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई ती जागा सपाट करणार आहेत, म्हणजे विषय संपला.

मी सूडाचा नाद सोडला दादा. थकले. फक्त माझ्या नावावरचा डाग गेला की झालं. म्हणून एक मागते. तू फिटर, तुझ्या शब्दाला वजन आहे. चौकशीच्या साहेबांना चार ओळी लिहून दे, की त्या दिवशी सकाळी तू व्हॉल्व पाहिलास आणि त्यात रुमाल नव्हता. एवढंच. तुझ्या हाताने लिही, खाली सही कर.

आणि आईचा निरोप आहे. वाळणीचा आकडा तुटला. बाजारातला तिला चालत नाही. म्हणते, 'दादाच्या हाताचाच हवा, त्यालाच वळून पाठवायला सांग, नेहमीसारखा.' पाठवशील ना?

तुझी,
लवंगी


१४ जून

लवंगे,

किती बरं वाटलं पत्र वाचून! छातीवरचा धोंडा उतरला बघ. शहाणी झालीस. राग सोडला की माणूस हलका होतो.

कागद सोबत आहे. तू सांगितलंस तसं अगदी शब्दाला शब्द नाही लिहिता आलं. माझीही नोकरी आहे, मालकाच्या ताटाखालचं मांजर मी, समजून घे. पण जेवढं लिहिता येईल तेवढं लिहिलंय.

आकडाही पाठवतोय. आत्याला म्हणावं, नोकरी मुकादमाची असली तरी पक्कड अजून हातात बसते. जाड तार घेतलीय, आता वीस वर्षं बघायला नको. शेपूट आत!

तुझा,
दादा


११ ऑगस्ट

दादा,

परवा चौकशी झाली. तू नव्हतास, म्हणून सगळं सांगते. बोटं आता चांगली चालतात, पानं भरतील.

प्रेसवरच्या बायका बांगड्या घालत नाहीत. गेटवरच काढून डब्यात ठेवायच्या, रखवालदार हात बघून आत सोडायचा. मी अकरा वर्षं रोज काढल्या, आणि तू नऊ वर्षं त्याच गेटातून आत आलास. तुझी 'बांगडी' वाचली आणि कळलं, तू खोटं बोलतोस. मग ती खूण कुणाची ते ओळखलं गेलं. कुणी ओळखलं ते विचारू नकोस. व्हॉल्वला बांधलेली तार उडून माझ्या मनगटाला चिकटली होती. तीन वेढे उलटे, डाव्या हाताचे. आणि टोक आत.

वाळणीचा आकडा तुटलेला नाही. पंधरा वर्षं आहे तिथेच आहे.

साहेबांच्या टेबलावर मी तीन गोष्टी ठेवल्या. हाताचा तिसऱ्या वेळचा फोटो, मोजपट्टीसकट. तू पाठवलेला आकडा, तुझ्याच अक्षरातल्या पाकिटासकट. आणि तुझा कागद. साहेब म्हातारे आहेत, सावकाश वाचतात. तू लिहिलंस, 'आदल्या संध्याकाळी मी व्हॉल्व तपासला तेव्हा त्याला काही बांधलेलं नव्हतं.' आदल्या संध्याकाळी! सकाळी नाही. सकाळी रुमाल नव्हता, एवढी एक ओळ मी मागितली होती. ती लिहिली असतीस ना, तर देवाशपथ सांगते, मी बाकीचं पिशवीतच ठेवलं असतं. फोटोंच्या पिशवीच्या बंदावर हात ठेवून तुझं पाकीट फोडलं होतं मी. एक ओळ, दादा. तीही तुला माझ्यासाठी जड झाली.

साहेबांनी 'बांधलेलं' या शब्दाखाली लाल रेघ मारली. मला विचारलं, 'बांधलेलं का म्हणतो हा? सगळ्या कागदांत तर कोंबलेलं आहे.' मी बाही वर केली आणि हात त्या आकड्याशेजारी ठेवला. साहेबांनी स्वतः उठून मोजपट्टी लावली, दोनदा. आणि तुझा तो मालक, ज्याच्या ताटाखाली बसून तू माझा केसाने गळा कापलास, त्याला तुझं नाव घ्यायला दोन मिनिटं लागली नाहीत. 'फिटरने तार बांधली असेल, मला काय माहीत?' म्हणाला. मी त्याच्याकडे बघून हसले. इतकं गोड हसू मला वर्षभरात आलं नव्हतं.

उद्या-परवा चौकशीची माणसं तुझ्या खोलीवर येतील. मी सांगते म्हणून नव्हे, त्याने तुला असं टाकून दिलं म्हणून खरं बोल. बांधायला कुणी सांगितलं ते सांग. तुला वाचवायला म्हणत नाही हं. बुडतोस तर त्यालाही गळ्यात घेऊन बूड, म्हणजे दोघांचा हिशेब एकदम चुकता होईल.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. मी भाजत होते, किंचाळत होते, आणि नळ दोन हातांवर होता. तू आधी तार सोडवलीस. ती खिशात घातलीस. नळाखाली मला त्यानंतर धरलंस. वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते, दादा होता म्हणून वाचले.

लवंगी


३ सप्टेंबर

लवंगे,

सगळं सांगितलं. लिहून दिलं, सही केली. मालकाने सांगितलं होतं, व्हॉल्व दिवसभर फुसफुसतो, दाब चढत नाही, चादरी ओल्या निघतात, सोमवारपर्यंत बांधून टाक, मग नवा बसवू. मुकादमीचं आधीच बोलून ठेवलं होतं त्याने. मी तार बांधली. तीन दिवसांत काय होतंय, असं वाटलं मला. रुमाल मी नाही ठेवला, शपथेवर सांगतो. पण कुणी ठेवला ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तार मी त्याच रात्री गटारात टाकली.

दोघांवर खटला होणार आहे. लॉन्ड्रीला सील लागलं. तुझ्यावरचा ठपका काढला, तसा कागद तुला येईल. मुकादमी गेली, ही खोली महिनाअखेर सोडायची आहे. तुला हवं होतं तसं झालं.

मी माफी मागत नाही, कुठल्या तोंडाने मागू? एकाच गोष्टीसाठी पदर पसरतो. आत्याला यातलं काही कळू देऊ नकोस. आई गेल्यावर तिने मला वाढवलं. तिला सांग, दादाची नोकरी गेली, बाकी काहीही सांग. सगळ्या जगाने तोंडावर थुंकलं तरी चालेल, तिच्या नजरेतून उतरलो तर मी जगायचा नाही. एवढी तरी भीक घाल.

दादा


९ सप्टेंबर

दादा,

ठपका काढल्याचा कागद आला. आईने तो दोनदा वाचून घेतला माझ्याकडून.

हाताची चौथी वेळ परवा झाली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, सगळं मऊ करा, फक्त मनगटावरची चार बोटं जागा सोडा. खटला होईपर्यंत ती हवीय. त्यांनी पेनाने भोवती चौकट आखली आणि यंत्र तिला टाळून फिरवलं.

आता तुझ्या भिकेचं. माझ्या हाताला रोज दुपारी आई मलम चोळते. मेच्या सुरुवातीला तुझं ते बांगड्यांचं पत्र आलं, त्याच आठवड्यात चोळता चोळता तिचं बोट त्या खुणेवर फिरलं. एकदा, दोनदा. मग हसून म्हणाली, 'अगं, हे बघ, अगदी आपल्या दादाची गाठ! शेपूटसुद्धा आत.' आणि हसता हसता थांबली. मलमाची डबी उघडीच ठेवून मागच्या दारी गेली, वाळणीपाशी उभी राहिली. त्या दिवसापासून माझी बाही ती खुर्चीच्या पाठीवर वाळत घालते.

मी तर तुला तेव्हाच शिव्यांचं पत्र लिहायला बसले होते. तिने पेन काढून घेतलं माझ्या हातातून. म्हणाली, 'तो कबूल व्हायचा नाही. त्याला गोड लिही, आणि एक आकडा मागव.'

लवंगी